ऑप-ॲम्प बफरचं आउटपुट इनपुटशी जुळत नाही? आधी ३ आणि २ नंबर पिनमध्ये मीटर लावा

ऑप-ॲम्प ही दोन इनपुट आणि एक आउटपुट असलेली आयसी. तिचा बफर केला की त्याचं काम एकच. इनपुटला ३.१२ व्होल्ट असतील तर आउटपुटलाही ३.१२ द्यायचे. ते जुळलं नाही की बहुतेक जण पहिल्या फटक्यात आयसी बदलतात. नवी आयसीही तेच दाखवते, मग ‘लॉटच खराब’ म्हणून तिसरी आणली जाते. आयसी बहुतेक वेळा शाबूत असते. तिला न जमणारं काम सांगितलेलं असतं, नाहीतर चूक तिच्या आधी किंवा नंतर असते.

बोलायला सोपं जावं म्हणून नेहमीचं एक सर्किट धरू. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरची किंवा सोलरची. तिच्यावर १०० के (किलोओहम) आणि ३३ के रेझिस्टरचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी जोडी. मधला सांधा एलएम३५८ या ऑप-ॲम्पच्या ३ नंबर पिनला, म्हणजे प्लस इनपुटला. २ (मायनस इनपुट) आणि १ नंबर (आउटपुट) एकमेकांना जोडलेल्या. १ नंबरवरून वायर आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ए-शून्य पिनला. ८ नंबरला आर्डुइनोचेच ५ व्होल्ट, ४ नंबर ग्राउंड. या डिव्हायडरने बॅटरीचे १२.६ व्होल्ट ३ नंबर पिनवर ३.१३ होतात आणि १४.४ चे ३.५७. म्हणजे पिनवरच्या आकड्याला ४.०३ ने गुणलं की बॅटरीचा आकडा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सारखे लागतील.

हात लावण्याआधी एक गोष्ट. बॅटरीच्या प्लस टर्मिनलला लागूनच ५०० मिलिॲम्पिअरचा फ्यूज हवा. इन्व्हर्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो ॲम्पिअर सोडते. ब्रेडबोर्डची वायर तिच्यापुढे वातीसारखी पेटते.

लक्षणं

‘व्होल्टेज चुकतंय’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठल्या व्होल्टेजला किती चुकतंय, ते बघा.

खालपासून वरपर्यंत सगळीकडे सारखेच दोन-पाच मिलिव्होल्ट कमी किंवा जास्त येत असतील, तर तो ऑफसेट.

खाली सगळं बरोबर, पण बॅटरी चार्जिंगला लावली की आकडा १३-१४ च्या आसपास अडकतो आणि पुढे सरकतच नाही, तर आयसीला वर जागा उरलेली नाही. सर्वांत जास्त फसवतं ते हेच.

इनपुट शून्य करूनही आउटपुट ०.६-०.७ व्होल्टच्या खाली उतरत नाही, तर आउटपुटला बाहेरून कोणीतरी वर ओढतंय.

कमी व्होल्टेजला थोडी चूक, जास्त व्होल्टेजला त्याच प्रमाणात जास्त चूक, म्हणजे सगळीकडे तेवढेच टक्के. यात ऑप-ॲम्पचा हात जवळजवळ कधीच नसतो. डिव्हायडर किंवा आर्डुइनोचा रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तो ताडून मोजतो ते) बघा.

आकडा नाचतो, बोट लावलं की बदलतो, वायर हलवली की बदलतो: सैल सांधा किंवा ऑसिलेशन, म्हणजे आउटपुटचं आपोआप थरथरणं.

इनपुट काहीही असो, आउटपुट वर ३.७ च्या आसपास किंवा खाली शून्याला चिकटलेलं: वायरिंग चुकलंय, नाहीतर आयसी भलतीच आहे.

एरवी ठीक, पण रिले किंवा पंप चालू झाला की चुकतं: ग्राउंड.

आपलं लक्षण कोणतं ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकापर्यंत, सोप्यापासून किचकटापर्यंत अशा क्रमाने आहेत. मधली गाळून पुढे उडी मारली की फेरा वाढतो.

पहिली तपासणी: मीटरच खोटं बोलत नाही ना

दोनशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरमध्ये डीसी व्होल्टचा इनपुट रेझिस्टन्स बहुधा १ मेगओहम असतो, बऱ्या मीटरमध्ये १० मेगओहम. आपल्या डिव्हायडरचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे १०० के आणि ३३ के समांतर, साधारण २४.८ के. १ मेगओहमचं मीटर ३ नंबर पिनला लावलं की तेच डिव्हायडरवर लोड होऊन बसतं आणि व्होल्टेज अडीच टक्क्यांच्या आसपास खाली येतं. ३.१३ च्या जागी ३.०५. बॅटरीच्या भाषेत १२.६ ची १२.३ झाली.

गंमत अशी की मीटर ३ नंबरवर असेपर्यंत आउटपुटही खरोखर ३.०५ च असतं. प्रोब उचलून १ नंबरवर नेला की ते ३.१३ होतं. मग वहीत ‘इनपुट ३.०५, आउटपुट ३.१३, चूक ८० मिलिव्होल्ट’ अशी नोंद होते आणि बिचाऱ्या ऑप-ॲम्पवर आळ येतो. मोठ्या रेझिस्टरचा डिव्हायडर असेल तर याहून वाईट. १ मेगओहमचे दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्टचे अडीच करायला गेलात, तर हे मीटर १.६७ दाखवेल.

शिवाय स्वस्त मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की ते प्रत्येक व्होल्टेज वाढवून सांगतं. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर ती बदला आणि मगच पुढे चला.

दुसरी: ३ आणि २ नंबरमध्ये मीटर

सगळ्या लेखातली एकच तपासणी करायची असेल तर ही करा. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. लाल प्रोब ३ नंबर पिनच्या पायावर, काळा २ नंबरच्या पायावर. पायावरच, वायरवर किंवा ब्रेडबोर्डच्या भोकात नाही. जो सांधा सैल असण्याचा संशय आहे, तो मापनाच्या बाहेर राहायला हवा.

ऑप-ॲम्प दिवसभर एकच धडपड करते: २ नंबरला ३ नंबरच्या बरोबरीत ठेवायचं. ते जमत असेल तर या दोन पिनांमधला फरक म्हणजे तिचा ऑफसेट. एलएम३५८ साठी तो सहसा दोन-तीन मिलिव्होल्ट असतो, डेटाशीटमधली कमाल मर्यादा २५ अंश सेल्सिअसला ७ मिलिव्होल्ट. दोन वेगवेगळी मापं घेऊन वजाबाकी करण्यापेक्षा हा फरक थेट मोजणं कधीही चांगलं. दोन्ही प्रोबांत जवळपास शून्य व्होल्ट असल्यामुळे मीटरचा लोडही इथे आडवा येत नाही.

आता निकाल. फरक ७ मिलिव्होल्टच्या आत असेल तर ऑप-ॲम्प निर्दोष, चूक तिच्या आधी किंवा नंतर आहे. त्याहून बराच जास्त असेल, किंवा मीटर डावीकडे नुसता १ दाखवून रेंजबाहेर गेलं असेल, तर ऑप-ॲम्प आपल्या ताब्यात नाही. का नाही, ते पुढे शोधायचं. मग लगेच २ आणि १ मध्ये मोजा. तिथे शून्य हवं. नसेल तर फीडबॅकची, म्हणजे १ आणि २ जोडणारी, वायर तुटलीय किंवा एका भोकाने चुकलीय, आणि रोग तिथेच सापडला.

ऑफसेटच निघाला तर त्याच्या मागे किती लागायचं, हेही ठरवा. ७ मिलिव्होल्ट म्हणजे बॅटरीच्या आकड्यात २८ मिलिव्होल्ट. उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटचा, त्याची एक पायरीच ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे बॅटरीच्या साधारण २० मिलिव्होल्टची. बॅटरी भरली की नाही हे बघायला एवढं पुष्कळ झालं. प्रोग्राममध्ये वजा करून टाका आणि विसरा. फक्त तो आकडा इनपुट शून्य ठेवून काढू नका. एकेरी सप्लायवर (फक्त प्लस आणि ग्राउंड, मायनस नाही) आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे ऋण ऑफसेट तिथे लपून राहतो. १.५ आणि ३ व्होल्टला माप घ्या.

त्यासाठी लॅबचा पॉवर सप्लाय नको. पेन्सिल सेल आणा. डिव्हायडर काढा आणि एक, दोन, तीन सेल मालिकेत जोडून क्रमाने थेट ३ नंबर पिनला द्या, सेलचा मायनस ४ नंबरच्या ग्राउंडला. नवा सेल १.५५ ते १.६ व्होल्ट देतो आणि त्याचा आतला रेझिस्टन्स नगण्य असतो, त्यामुळे मीटर लावल्याने आकडा ढळत नाही. एक आणि दोन सेलला ३-२ मधला फरक मिलिव्होल्टांत, तीन सेलला मीटर रेंजबाहेर. असं दिसलं तर आयसी ठणठणीत आहे. तीन सेलला ती अडणारच होती. का, ते पुढच्या तपासणीत.

तिसरी: ८ नंबरवर खरंच किती व्होल्ट आहेत

८ आणि ४ नंबरच्या पायांवर मोजा. ‘५ व्होल्ट दिलेत’ हे गृहीत धरू नका. यूएसबीवरून चाललेल्या उनोवर ४.७-४.८ अगदी सर्रास असतात. लांब, बारीक केबल असेल तर त्याहूनही कमी. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी काही बोर्डांत मध्यावर तुटलेली असते, त्यामुळे अर्ध्या बोर्डाला सप्लायच नसतो. तरी सर्किट अर्धवट चालल्यासारखं वाटतं, कारण आयसीला इतर पिनांतून थोडा करंट मिळतो. त्याच्यामागे तास जातात.

आता वरच्या अडकण्याचं कारण. एलएम३५८ चं इनपुट ग्राउंडपर्यंत खाली चालतं, पण वर सप्लायच्या १.५ व्होल्ट आधीच थांबतं. आउटपुटचंही तसंच, तेही सप्लायपर्यंत चढू शकत नाही. तापमान वाढलं-घटलं तर डेटाशीट ही जागा २ व्होल्ट सोडायला सांगते. २५ अंशाला ५ व्होल्टवर खात्रीने ३.५ पर्यंत, आणि ८ नंबरवर प्रत्यक्षात ४.७५ असतील तर ३.२५ पर्यंतच. ३.२५ ला ४.०३ ने गुणा: १३.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चार्ज होऊ लागली की भरवशाचा भाग संपला. चांगली आयसी अजून थोडं वर जाईल आणि १४ च्या अलीकडे-पलीकडे अडेल. नेमकी कुठे, ते आयसीगणिक बदलतं, आणि त्याच आयसीत सकाळ-दुपारच्या उकाड्यानेही. म्हणूनच तक्रार ‘कधी कधी चुकतं’ अशी येते आणि नवी आयसी लावल्यावर ‘थोडं सुधारलं’ असा भास होतो.

उपाय तीन, स्वस्तापासून महागापर्यंत.

पहिला, ३३ के काढून २२ के लावा. बस, एक रेझिस्टर. आता १४.४ व्होल्टचे २.६ होतात, १५ चे २.७. यूएसबी ४.६ पर्यंत घसरली तरी ३.१ पर्यंत जागा आहे. गुणक ४.०३ ऐवजी ५.५५ होतो, तो प्रोग्राममध्ये बदला. एडीसीची पायरी बॅटरीच्या २० वरून २७ मिलिव्होल्टवर जाते, तेवढी किंमत सोसवते. बॅटरीच्या कामाला मी हाच उपाय सुचवेन.

दुसरा, एलएम३५८ चा सप्लाय थेट १२ व्होल्ट बॅटरीवरून द्या. ही आयसी ३२ व्होल्टपर्यंत चालते. पण मग एक धोका अंगावर येतो. ३३ के चा सांधा उद्या सुटला तर ३ नंबरवर पूर्ण बॅटरी येईल, आउटपुट दहा-साडेदहाच्या पुढे चढेल आणि ते थेट उनोच्या पिनमध्ये घुसेल. म्हणून १ नंबर आणि ए-शून्य यांच्यामध्ये १० के घालायचा, आणि उनोच्या पिनजवळ १०० नॅनोफॅरड ग्राउंडला. दहा के असला की पिनमध्ये जाणारा करंट अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या आसपास राहतो आणि ती वाचते.

तिसरा, रेल-टू-रेल, म्हणजे सप्लायच्या दोन्ही टोकांजवळ पोचणारी आयसी. एमसीपी६००२ च्या पिना एलएम३५८ सारख्याच आहेत, १.८ ते ६ व्होल्टवर चालते, आणि हलक्या लोडवर आउटपुट सप्लायच्या २५ मिलिव्होल्ट जवळ जातं. उपटा आणि लावा. मात्र ७ व्होल्टच्या वर ती जळते, त्यामुळे दुसऱ्या उपायातलं १२ व्होल्टचं वायरिंग तसंच ठेवून हिला बसवू नका. आणि ऑफसेट कमी होईल अशी आशा धरू नका. तिचाही कमाल ४.५ मिलिव्होल्ट आहे.

चौथी: आयसी कोणती, आणि कशी बसवलीय

खाच वर धरली की डावीकडचा पहिला पाय १ नंबर; ठिपका असेल तर तो १ नंबरशीच असतो. उलटी बसली की ८ आणि ४ ची अदलाबदल होते आणि आयसी चटका बसेल इतकी तापते. तापलेली आयसी नंतर सरळ लावून चालली तरी ती मोजमापाच्या सर्किटात ठेवू नका.

२ आणि ३ ची अदलाबदल झाली असेल तर फीडबॅक उलटा होतो आणि आउटपुट वर किंवा खाली चिकटून बसतं.

मग छापलेला नंबर वाचा, भिंगातून, टॉर्च तिरपा धरून. डब्यात ३५८ च्या शेजारी ३९३ असतेच. ३९३ ही कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांतलं मोठं कोणतं एवढंच सांगणारी, पण पिना तंतोतंत सारख्या. तिचं आउटपुट फक्त खाली ओढतं, वर ढकलू शकत नाही, त्यामुळे बफरमध्ये ती कधीच नीट चालत नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत ‘३५८ नाहीये, हे घ्या, पिन सेम आहे’ म्हणून ४५५८ किंवा टीएल०७२ हातात पडू शकते. पिना सारख्या असतात हे खरं. पण दोन्ही ऑडिओच्या कामासाठी, प्लस-मायनस सप्लायसाठी बनलेल्या. टीएल०७२ च्या इनपुटला खालच्या रेलपासून तीन-चार व्होल्ट वर राहावं लागतं. ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर तिच्यासाठी जागाच उरत नाही. ७४१ चंही तेच.

दुसरं अर्धं मोकळं सोडलं असेल, म्हणजे ५, ६, ७ नंबर, तर ६ आणि ७ जोडा आणि ५ नंबर सरळ १ नंबरला जोडा. लटकत्या इनपुटचं अर्धं मनाला येईल तसं डोलतं आणि शेजाऱ्याला त्रास देतं.

पाचवी: आउटपुटवरचा भार

१ नंबरची वायर उनोपासून सोडवा आणि पुन्हा १ नंबरवर मोजा. वायर सुटल्याबरोबर आकडा सुधारला तर दोष पुढच्या बाजूला.

‘०.६ च्या खाली जात नाही’ या लक्षणाचं उत्तर बहुधा इथे मिळतं. शून्याजवळ एलएम३५८ फार थोडा करंट गिळू शकते, ठरावीक ५० मायक्रोॲम्पिअर, आणि खात्रीचे तर १२ च. त्याहून जास्त करंट बाहेरून आत आला की आतला पीएनपी ट्रान्झिस्टर ते काम करतो, आणि तो आउटपुटला साधारण ०.६ ते ०.७ च्या खाली उतरू देत नाही. हा करंट येतो कुठून? प्रोग्राममध्ये ए-शून्यला चुकून इनपुट-पुलअप (पिनला आतून ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) लावलेलं असतं. उनोचा आतला पुलअप २० ते ५० के चा. ५ व्होल्टला त्यातून १०० ते २५० मायक्रोॲम्पिअर येतात. प्रोग्राममधली ती ओळ काढा. ती नाही, तर बोर्डवर कुठे वर जोडलेला रेझिस्टर आहे का बघा. पुलअप ठेवायलाच हवा असेल तर ३५८ ऐवजी एमसीपी६००२ लावा.

बाहेरून काही ओढत नसतानाही शून्याला ५ ते २० मिलिव्होल्ट दिसले तर तो दोष नव्हे. तिची तेवढीच पोच आहे.

सहावी: ग्राउंड

मीटर २०० मिलिव्होल्टवर. एक प्रोब ४ नंबरच्या पायावर, दुसरा ३३ के च्या ग्राउंडकडच्या टोकावर. मग उनोच्या ग्राउंड पिनवर. मग बॅटरीच्या मायनसवर. रिले चालू-बंद करत बघा. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ७० मिलिॲम्पिअरच्या आसपास घेते. जंपर वायर आणि ब्रेडबोर्डचे दोन सांधे मिळून ०.२ ओहम धरले तर १४ मिलिव्होल्ट पडतात. गुणिले चार, बॅटरीच्या आकड्यात ५६. पंपाचा करंट त्याच वायरने परत येत असेल तर विचारूच नका.

उपाय वायरचा आहे, आयसीचा नाही. डिव्हायडर, ४ नंबर आणि उनोचं ग्राउंड एका बिंदूवर आणा आणि तिथून बॅटरीच्या मायनसला एक वायर. रिले-मोटारची मायनस वायर स्वतंत्र, थेट टर्मिनलपर्यंत.

बॅटरीच जर उलटी जोडली गेली असेल तर ३ नंबर ग्राउंडच्या खाली जातं. ०.३ व्होल्टहून खाली गेलं की आउटपुट शून्याऐवजी एकदम वर उसळू शकतं. १०० के मुळे आयसी बहुधा वाचते.

सातवी: टक्क्यांची चूक

८ नंबरला मोजलेला सप्लायचा आकडा आठवा. उनोचा एडीसी सांगितलं नाही तर त्याच ५ व्होल्टला पट्टी मानतो. पट्टीच ४.७५ ची असेल आणि प्रोग्राममध्ये ५.०० लिहिलं असेल तर १२.६ ची बॅटरी १३.२६ दिसते. बफर अगदी बरोबर असतो. मोजलेला आकडा प्रोग्राममध्ये लिहा. सप्लाय हलत असेल तर बाहेरून स्थिर रेफरन्स द्या.

रेफरन्स ठीक असेल तर रेझिस्टर. सोनेरी पट्टीचे, ५ टक्क्यांचे दोन रेझिस्टर विरुद्ध दिशेला चुकले तर हा डिव्हायडर साडेसात टक्क्यांपर्यंत चुकतो. १ टक्क्याचे मेटल फिल्म लावा, फरक दीडवर येतो. उरलेला गुणक बदलून काढा. रेझिस्टर मोजायचा तर एक पाय सोडवून मोजा, सर्किटात जोडलेला असताना नाही.

मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटात आणखी एक चोर असतो, बायस करंट. एलएम३५८ च्या इनपुट पिनमधून ठरावीक ४५ नॅनोॲम्पिअर बाहेर येतात, वाईट आयसीत २५० पर्यंत. आपल्या २४.८ के वर त्याचा एकच मिलिव्होल्ट होतो, फार तर सहा. पण वीज वाचवायची म्हणून कोणी मेगओहमचा सोर्स केला की ४५ मिलिव्होल्ट झाले, आणि नेहमी वरच्या दिशेने. तिथे एमसीपी६००२ घ्या, तिचा बायस करंट पिकोॲम्पिअरमध्ये आहे.

आठवी: ऑसिलेशन

एलएम३५८ बफर म्हणून लावली की आउटपुटवर थेट ५० पिकोफॅरड सोसते. शिल्डेड वायरचा एक मीटरच साधारण १०० पिकोफॅरड. त्यावर ‘आकडा नाचतो’ म्हणून कोणी १ नंबरपासून ग्राउंडला थेट १०० नॅनोफॅरड लावलेला असतो, की आयसी आतल्या आत थरथरू लागते. मीटर त्या थरथरीची सरासरी दाखवतं. ती ५०-१०० मिलिव्होल्टने ढळलेली असते आणि बोट लावलं की बदलते.

स्कोप (ऑसिलोस्कोप) नसेल तर असं करा. १ नंबरवरची वायर सोडवून मध्ये १०० ओहम घाला, फीडबॅक मात्र पायावरूनच राहू द्या. डीसी आकडा लगेच बदलला किंवा स्थिरावला तर ऑसिलेशनच होतं. मीटरच्या एसी रेंजवर विसंबू नका. स्वस्त मीटर काही शे हर्ट्झच्या पुढे आंधळं होतं.

कायमचा उपाय: १ नंबरनंतर १ के, मग उनोच्या पिनजवळ १०० नॅनोफॅरड. ८ आणि ४ नंबरच्या पायांना अगदी लागून आणखी एक १०० नॅनोफॅरड, लांब तंगड्या न ठेवता.

(आणि जाता जाता: फक्त बॅटरीचं डीसी व्होल्टेज बघायचं असेल तर बफर नसला तरी चालतं. एडीसीला १० के पेक्षा कमी रेझिस्टन्सचा सोर्स हवा असतो तो आतला १४ पिकोफॅरडचा कपॅसिटर भरायला. पिनवर १०० नॅनोफॅरड ठेवला की ते भागतं. दर सेकंदाला एकदा मापन घेणाऱ्याने आयसी काढून टाकली तरी बिघडत नाही.)

नववी: बोर्ड धुणं, मग आयसी बदलणं

सोल्डर केलेला बोर्ड पावसाळ्यात चुकू लागला, कोकणात किंवा किनाऱ्याजवळ तर हमखास, तर फ्लक्सचा चिकट थर दमट हवेत करंट गळू देतो. ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून ३ नंबरपर्यंत १० मेगओहमची गळती झाली तरी आपल्या डिव्हायडरवर ५ मिलिव्होल्ट चढतात, मेगओहमच्या सोर्सवर त्याच्या कितीतरी पट. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, मग हेअर ड्रायर कमी आचेवर. सप्लाय बंद ठेवून, अर्थात.

आयसी बदलायची ती आता. अट अशी: १ नंबरवर काहीही जोडलेलं नाही, सप्लाय ठीक, एक आणि दोन सेलला ३ आणि २ मधला फरक १० मिलिव्होल्टच्या वर. असं असेल तर आयसी गेली. सॉकेट लावून नवी बसवा.

इथे थांबा

डिव्हायडर बॅटरीऐवजी २३० व्होल्टवर असेल, ट्रान्सफॉर्मर किंवा आयसोलेशन न घालता, तर मीटरही लावू नका. त्या सर्किटाचं ‘ग्राउंड’ म्हणजे लाइनची वायर असू शकते आणि यूएसबीने लॅपटॉप जोडला तर तोही. इन्व्हर्टरच्या किंवा एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) आतल्या बोर्डवरचा ऑप-ॲम्प चुकत असेल तरी तेच. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. ते काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याचं. ४८ व्होल्टची बँक, लिथियम पॅक आणि त्याचं बीएमएस (पॅकचं संरक्षण-सर्किट), रुग्णाला जोडायची उपकरणं, वॉरंटीतली वस्तू: यांनाही हात नको.

ज्या आकड्यावर बिल किंवा प्रमाणपत्र निघतं, त्याचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. पेन्सिल सेल तिथे चालत नाहीत.

आणि वरच्या नऊ तपासण्यांनंतरही ३-२ मधला फरक कधी येतो, कधी जातो, तर स्कोप असलेल्या माणसाकडे जा. जाताना बोर्डासोबत एक चिठ्ठी न्या: एक, दोन आणि तीन सेलला ८, ३, २, १ नंबरवर किती व्होल्ट, ३ आणि २ मध्ये थेट किती मिलिव्होल्ट, मीटर किती मेगओहमचं, आणि रिले चालू होती की बंद.